डांबरातला अंगठा

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ ऑगस्ट १९८६

खैरुन,

सलाम. तुझं पत्र मिळालं. अम्मीला वाचून दाखवलं, पण सगळं नाही. तीन पानांतलं दीड पान फकरूवर आहे, ते गाळलं. अम्मी म्हणाली, "एवढंच लिहिलंय?" मी म्हटलं, पावसात भिजलंय, पुढचं लागत नाही.

तू खोलवाडीच्या बालवाडीवर जायचं म्हणालीस तेव्हा मी "जा की, महिन्यात परत येशील" असं म्हणालो होतो. रागाच्या भरात स्टँडवर सोडायलाही आलो नाही. महिना कधीच उलटून गेला. ठीक आहे. नेमणूक वर्षाची आहे, वर्ष संपेल. गगनबावड्याच्या डोंगरात वीज नाही, नळ नाही, तरी तुला तिथं करमतं आणि इथं नळ, लाइट, सिनेमा असून करमत नव्हतं, याचा विचार करत मी बसलेलो नाही. दुकानात कामं पडली आहेत.

सरकारनं त्या वाडीवर उन्हावरचे दिवे बसवले हे समजलं. छपरावर काचेच्या पाट्या, खाली दोन बॅटऱ्या, त्यावर चार ट्यूब: दोन बालवाडीत, एक डेअरीच्या शेडात, एक पाणवठ्याच्या वाटेवर. बालवाडीची बाई म्हणून बॅटऱ्यांची किल्ली तुझ्याकडे. संध्याकाळी बायकांना लिहा-वाचायला तू त्याच उजेडात शिकवतेस. हे सगळं चांगलंच आहे. पण त्या बॅटऱ्या तपासायला पंधरवड्याला जीप घेऊन येणारा माणूस नेमका फकरूच का असावा? एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दुसरा बॅटरीवाला मिळाला नाही काय?

तू लिहितेस, "फकरूभाईंनी सांगितलं, बॅटरीत विहिरीचं पाणी घालू नका, डिस्टिल वॉटरच घाला." अगं, हे मी तुला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं! तू डबा घेऊन दुकानात यायचीस, त्या मोडक्या स्टुलावर बसायचीस आणि मी बोलायला लागलो की जांभया द्यायचीस. तेच फकरूनं सांगितलं तर पत्रात लिहिण्याजोगं झालं. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

फक्रुद्दीन आणि मी एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं उस्ताद चारचौघांत म्हणायचे. तुझ्या घरी मागणंही आधी त्याचंच गेलं होतं. तुझे अब्बा म्हणाले होते, पोरगा गुणाचा आहे पण त्याला दुकान नाही. म्हणजे मला होकार मिळाला तो दुकानाला मिळाला. मी हे कधी तोंडातून काढलं नाही. आजही काढत नाही, फक्त लिहितोय.

आता माझं ऐक, म्हणजे उस्तादांचंच ऐक. पाणी आतले पत्रे बुडतील इतकंच घालायचं, काठोकाठ नाही. दिवा पिवळा पडायच्या आत बंद करायचा. रोज तळापर्यंत उपसलेली बॅटरी फार दिवस जगत नाही. आणि न वापरता नुसती कोपऱ्यात ठेवली तरीही मरते, पत्र्यांवर पांढरं धरतं. सगळ्यांत मोठी गोष्ट, जुन्या बॅटरीच्या जोडीला नवी कधी लावायची नाही. जुनी नवीला ओढत राहते आणि दोन्ही जातात. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. फकरूनं यात नवीन काही शोधलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

तू 'भाई' म्हणतेस म्हणून काही तो तुझा भाऊ होत नाही. एवढंच.

बाबालाल


राजारामपुरी
१६ ऑक्टोबर १९८६

खैरुन,

तू पेपरात आलीस. मला तू सांगितलं नाहीस, शेजारच्या पंक्चरवाल्या अल्लाउद्दीननं सांगितलं. सकाळी पेपर फडकवत आला, "बाबाभाई, वैनी पेपरात आल्यात की! आता चहा तुमचा!"

बघतो तर खरंच. बायका पाट्या घेऊन जमिनीवर बसलेल्या, तू फळ्यापाशी, डोक्यावर पदर, वर ट्यूब लागलेली. छान दिसतेस. वाळलीस थोडी. आणि तुझ्या शेजारी बॅटरीवर हात टेकून, सगळे दात दाखवत फकरू.

"आन् ह्यो कोन?" अल्लाउद्दीन म्हणाला.

"सरकारी मानूस हाय."

"वळखीचा वाटतोय. पयल्यांदा तुमच्यासंगंच न्हवता व्हय कामाला?"

या अल्लाउद्दीनला नको तिथं नजर आहे. तो गेल्यावर मी कात्री घेतली आणि फोटोतून फकरू कापला. पण त्याचा हात बॅटरीवर आहे आणि बॅटरी तुला चिकटून आहे. हात काही निघेना. आता कपाटाच्या दाराला तुझा फोटो आहे आणि कडेला चार बोटं आहेत. रोज सकाळी दाढी करताना ती बोटं मला दिसतात.

तू नवरात्राचं लिहिलंस ते वाचलं. वाडीला जागरासाठी रात्रभर दिवे हवे होते, तू नऊच्या पुढं नाही म्हणालीस आणि बायडाबाई म्हणून कोणी म्हातारी भांडायला उठली. चार दिवस ढगाळ होते, बॅटरी भरली नव्हती, तुझं बरोबरच होतं. मग फकरूनं सगळ्या वाडीसमोर सांगितलं की बाई म्हणतील तेच होणार, आणि लोक गप्प झाले. मीही तेच सांगितलं असतं. फकरूपेक्षा मोठ्यानं सांगितलं असतं. पण मी तिथं नव्हतो आणि तो होता, हे तू लिहिलं नाहीस तरी मला वाचता आलं.

तू विचारलंस, एकदा येऊन जाता का. कसा येऊ? उसाचा हंगाम तोंडावर आलाय. इथल्या साखर कारखान्याचे ट्रक-ट्रॅक्टर बाहेर निघाले की सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदमच मेलेल्या असतात आणि सगळ्यांना कालच हव्या असतात. माझ्याकडं सरकारी जीप नाही. डोंगरात हिंडून बायकांना चार गोष्टी सांगायचा पगारही मला कोणी देत नाही.

तो तुझ्या हातची तांबडी चटणी आणि भाकरी खाऊन गेला म्हणतेस. इथं अम्मीला आता तिखट सोसत नाही. मी पिवळी आमटी खातो.

बाबालाल


राजारामपुरी
९ डिसेंबर १९८६

खैरुन,

पत्र मिळालं. दोनपैकी एका बॅटरीतलं सहापैकी एक घर बसलंय, हे तू ॲसिडचा जोर मोजायचा हायड्रोमीटर लावून ओळखलंस म्हणतेस. कुठून शिकलीस? बरं, विचारत नाही.

फकरूनं ऑफिसात नवी जोडी मागितली आहे आणि ती यायला दोन-तीन महिने लागतील म्हणे. तोवर आजारी बॅटरी काढून ठेवा, राहिलेल्या एकीवर चारऐवजी दोनच दिवे लावा, असा त्याचा सल्ला. वा! म्हणजे बॅटरीवाल्याची बायको अर्ध्या उजेडात बसणार आणि ऑफिसातला कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत वाट बघणार. लोक काय म्हणतील? नवऱ्याचं बॅटरीचं दुकान, आणि हिच्या बालवाडीत अंधार!

म्हणून मी माझ्या हातानं एक बॅटरी बांधली आहे. सगळे पत्रे नवे, मधल्या पट्ट्या नव्या, पेटी तेवढी धुऊन घेतलेली. हंगामाच्या गर्दीत गिऱ्हाइकांना थांबवून बांधली. पेटी बंद करायला वरून डांबर ओतलं आणि गरम असतानाच कोपऱ्यात उजवा अंगठा दाबला. उस्तादांकडं प्रत्येकाची खूण अशीच असायची, तुला माहीतच आहे. फकरूनं ती बघितली की त्याला कळेल बॅटरी कुणाची आहे. कळू दे.

ती ट्रकची आहे, पण दणकट आहे. गगनबावड्याच्या एसटीत ड्रायव्हर केरबा माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या पायापाशी पोत्यात गुंडाळून उभी ठेवली आहे. आडवी करू देऊ नको, ॲसिड सांडेल. आजारी बॅटरी काढून टाक आणि तिच्या जागी राहिलेल्या जुन्या बॅटरीला ही जोड. चारी दिवे लाव. हवा तेवढा वेळ लाव.

जुन्या-नव्याची जोडी लावू नये असं मीच सांगितलं होतं, हे तुला आठवेल. तो नियम गाड्यांचा. उन्हाच्या दिव्यांचं वेगळं असतं. मी चौकशी केली आहे.

फकरूला विचारायची गरज नाही. तो नको म्हणेल, कारण ती माझी आहे.

बाबालाल


राजारामपुरी
१३ जानेवारी १९८७

खैरुन,

बॅटरी पाठवून महिना झाला. तुझं उत्तर आलं, पण त्यात बॅटरीवर एकच ओळ: "बॅटरी पोचली. तिला चांगली जागा केली आहे."

जागा केली म्हणजे काय? जोडलीस ना? दिवे कसे चालतात? संध्याकाळी लवकर पिवळे पडतात का? एखाद्या दिवशी बंद पडले का? बालवाडीतल्या पोरांनी भोपळ्याची फुलं आणून दिली हे लिहायला तुला कागद पुरतो, मग बॅटरीबद्दल लिहायला काय झालं?

माझी काळजी बॅटरीची आहे, दुसरं काही नाही. बांधणाऱ्याला काळजी असतेच.

इकडं मागच्या खोलीला मी चुना मारून घेतला. तुझ्या शिलाई मशीनला तेल दिलं. अम्मी विचारत होती की सून उन्हाळ्यात येणार की आधीच. मी म्हटलं, सांगता येत नाही. आणि समज, तिकडं दिवे गेलेच तर वाईट वाटून घेऊ नको. यंत्राचं काय, आज आहे उद्या नाही. दिवे नसले तर बायकांचा वर्ग चालणार कसा, आणि वर्ग नसला तर तुला डोंगरात कोण कशाला ठेवील? वर्ष पुरं व्हायच्या आधी आलीस तरी तुला इथं कोणी काही बोलणार नाही. मी तर नाहीच.

एवढं लिहून झाल्यावर वाचलं तर पत्र लांबलंय. असू दे.

बाबालाल


राजारामपुरी
२० फेब्रुवारी १९८७

खैरुन,

तुझा फकरू काल दुकानात येऊन गेला.

ऑफिसातून नवी जोडी न्यायला कोल्हापुरात आला होता. जीप दारात उभी केली, "सलाम बाबा" म्हणाला आणि सरळ तुझ्या स्टुलावर बसला. तिथं बसू नको, मोडकं आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मोडत न्हाय, मी हलका हाय." उस्ताद त्याच्या हाताला हलका म्हणायचे, याला सगळंच हलकं वाटतं.

चहा मागवला. दुश्मन असला तरी दुकानात चहा द्यावा लागतो. घोट घेऊन म्हणाला, "खोलवाडीत तुझा अंगठा बघितला."

माझ्या हातातला पाना खाली ठेवला मी. "कशी हाय?"

"कशी म्हंजे? तुझ्या हातची हाय. चांगलीच असनार की."

"जोडलीय न्हवं?"

तो हसला. माझ्याकडं बघून नाही, चहाकडं बघून हसला. "वैनींना इचार की. मला काय इचारतोस?"

मी म्हटलं, तू तपासनीस आहेस, तुला विचारणार नाही तर कुणाला? यावर त्यानं बशी खाली ठेवली, जीपमधल्या नव्या जोडीच्या दोऱ्या आवळल्या आणि जाताना एवढंच म्हणाला, "बाबा, एकदा वर येऊन जा."

माझ्या बायकोकडं जायला मला त्याचं आमंत्रण हवं! रात्रभर डोक्यात तेच घुमत होतं. तो हसला का? तुम्ही दोघांनी मिळून काय ठरवलंय? माझी बॅटरी बघून हसता काय? त्यानं तुला काय सांगितलं माझ्याबद्दल? त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. तो वाईट बोलणार नाही. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं, मला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. तो चांगला माणूस आहे आणि तेच मला सहन होत नाही.

तू लिहिलंस की दुसऱ्या वर्षाची नेमणूक हवी की नको ते मार्चअखेर ऑफिसला सांगायचं आहे, आणि माझं म्हणणं काय ते कळवा. माझं म्हणणं फकरूला विचार. त्याला सगळं ठाऊक असतं.

बाबालाल


राजारामपुरी
१६ मार्च १९८७

खैरुन,

मागच्या पत्रातलं शेवटचं खोडलं समज.

परवा शनिवारी खोलवाडीला कोणीतरी बॅटरी बघायला येऊन गेला, असं बायडाबाईंनी तुला सांगितलं असेल. तो मीच. तू बालवाडीच्या बायकांच्या मीटिंगला गगनबावड्याला गेली होतीस हे मला तिथं पोचल्यावर कळलं. आणि खरं सांगतो, कळल्यावर मला बरंच वाटलं. तू समोर असतीस तर मी भांडलो असतो.

मी कशाला आलो होतो ते आधी सांगतो. मेलेली बॅटरी बघायला आलो होतो. हिशेब साधा होता. डिसेंबरात माझी बॅटरी जुनीला जोडलीस, म्हणजे जुनीनं तिला ओढली असणार. त्यात ती ट्रकची. ट्रकची बॅटरी एकदा दणक्यात इंजिन फिरवायला असते, रोज संध्याकाळी दिव्यांसाठी हळूहळू उपसायला नसते. मार्चपर्यंत ती मरायलाच हवी होती, आणि तिच्याबरोबर जुनीही. हायड्रोमीटर पिशवीत घालून आणला होता. त्या फकरूच्या नव्या जोडीनं माझं केलेलं झाकून टाकलं का, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

बालवाडीच्या दारात म्हातारी शेंगा फोडत बसली होती. "कोन पावणं?"

"बॅटरी बघाय आलोय."

"फकरूच्या जाग्यावर व्हय?"

"त्याच्या जाग्यावर न्हाय. माझ्या मीच आलोय."

"मग बघा की. बाईंनी किल्ली माझ्याकडं ठेवलीया. ही सरकारी जोडी, कालपरवाची. आन् ती कोपऱ्यात दिसतीया न्हवं, ती बाईंच्या मालकाची. तिला हात लावायचा न्हाय."

कोपऱ्यात पाटावर माझी बॅटरी होती. वर तुझी ती निळ्या काठाची जुनी ओढणी घडी करून ठेवलेली. एकही तार लावलेली नव्हती. टोकांवर ग्रीस, पांढरी भुकटी कुठं नावाला नाही.

"जोडली न्हाय व्हय?" मी विचारलं.

"न्हाय ओ. थंडीत सरकारची एक बिघडल्याली, दोन म्हैनं निम्म्या दिव्यांवर काढलं आमी. मीच बाईंस्नी म्हनलं, ही धडधाकट बॅटरी घरात हाय, लावा की बाई, का मुहूर्त बघताय? तर म्हनल्या, जुन्याला नवी लावायची नसती, बायडाबाई, माझ्या मालकांनीच शिकवलंय मला."

म्हातारीला बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"त्या फकरूनंबी इचारलं, ही का कोपऱ्यात? तर बाई म्हनल्या, ही अमानत हाय, मालक आलं की त्यांच्या हवाली करायची. त्योबी मग हात लावंना. लई चांगला पोरगा. येईल तवा लेकीचा फोटू दावतोय समद्यास्नी. आमाला आता पाठ झालाय."

त्याला मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. तू लिहिलं असशील. त्याच्याबद्दलचं मी नीट वाचतच नव्हतो.

मी म्हटलं, "तीन म्हैनं पडून ऱ्हायली म्हंजी बॅटरी मेली आसंल."

म्हातारी अशी बघायला लागली, जसं काही मी तिच्या नातवाला मेला म्हणालो. "मरती कशानं? दर रविवारी बाई सरकारी जोडीच्या तारा काढत्यात आन् दिवसभर ऊन हिला देत्यात. सांजच्याला वर्ग न्हाय, दिवं न्हाईत. आख्खी वाडी रविवारची अंधारात बसती. आदी लई वरडलो आमी. मी तर म्हनलं, तुमच्या मालकापायी आमाला का उपास? तर बाई म्हनल्या, नुसती ठेवली तर मरंल ओ ती. आसं म्हनल्यावर काय बोलायचं मान्सानं?"

खैरुन, मी ती बॅटरी वाडी अंधारात जावी म्हणून पाठवली होती. आता लिहूनच टाकतो. नियम मी विसरलो नव्हतो, चौकशीही कुणाकडं केली नव्हती. दिवे गेले की वर्ग बंद पडेल, वर्ग बंद पडला की फकरूला तिथं काम उरणार नाही आणि तू एसटीत बसून परत येशील, असं सगळं मी डांबर ढवळता ढवळता ठरवलं होतं. आणि तुला पोत्याची दोरी सोडतानाच ते कळलं होतं. तरी तू फकरूला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मला लिहिलं नाहीस. उलट माझ्यासाठी रविवार पाळलास, तोही अख्ख्या वाडीसकट.

मी टोपणं काढली आणि हायड्रोमीटर घातला. घाईत रबरी फुगा पुरता दाबला नाही, त्यामुळं पहिल्यांदा ॲसिड वर चढलंच नाही. मग चढलं, आणि नळीतली तरंगणी जी वर आली ती अगदी भरल्या बॅटरीच्या खुणेपर्यंत. दुसरं घर तसंच. सहाही घरं तशीच. माझ्या दुकानात, माझ्या नजरेखाली असलेल्या बॅटऱ्यासुद्धा इतक्या सारख्या भरलेल्या नसतात. डिस्टिल वॉटरची बाटली बरोबर होती, निदान पाणी तरी घालावं म्हणून ती उघडली. तर पाणीही हवं तेवढंच. तू मला करायला काहीच ठेवलं नव्हतंस.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी म्हणाली, "त्ये वाफंनं हुतंय, फकरूचंबी डोळं चुरचुरत्यात." बरं झालं तिनंच सांगितलं.

मग तिनं मला डांबरातला अंगठा दाखवला. पोरं रोज त्यात आपापला अंगठा घालून बघतात म्हणे, कुणाचा बसतो ते. "आमी समद्या जनी अंगठा सोडून सही करायला शिकलो," ती म्हणाली, "आन् बाई मातूर रोज ह्या अंगठ्यावर फडकं मारत्यात. बघा की पावणं, तुमचा बसतोय का?"

मी डावा घातला.

"न्हाय बसत," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडं वळली. तिनं मला गूळ-शेंगा दिल्या. त्या एसटीत खाल्ल्या.

आता माझं म्हणणं. ऑफिसला दुसऱ्या वर्षाचं हो कळव. अम्मीला मी सांगितलंय. ती रुसली आहे, पण रात्री तिनंच विचारलं, तिथं पावसाळ्याला कांबळं आहे का सुनेकडं. म्हणजे जमेल.

बॅटरी परत पाठवू नको. मी येत्या शनिवारी येतो, रविवारी मुक्काम करतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं तिला चार्जिंगला घेऊन जातो. पंधरवड्यानं भरून परत आणतो. मग पुन्हा नेतो, पुन्हा आणतो. केरबा म्हणेल बाबालाल खुळा झाला, म्हणू दे. फकरू पंधरवड्याला येतो ना, मग मीही पंधरवड्याला येणार. बायडाबाईंना सांग की रविवारचा उपास आता सुटला. फक्त या रविवारी दिवे लावू नका. वाडीबरोबर एकदा मलाही अंधारात बसू दे.

चटणी कर. भाकरी मी आल्यावर टाक.

आणखी एक. बॅटरीच्या वरच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या अगदी शेजारी, डांबराला तडा गेलाय. तू बघितला असशीलच. शनिवारच्या आत फकरू आला आणि त्यानं बुजवतो म्हटलं, तर नको म्हण. त्याचा हात हलका आहे, मान्य आहे. पण तो तडा माझा आहे, मी येऊन बुजवीन.

बाबालाल